शेत मालकाचें, श्वापद कोणाचें?

शेतांत शिरलेलें रानडुक्कर कोणाचें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशीं अक्कलकुव्याच्या बाजूस ज्वारी-मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास तो विचारावा, म्हणजे त्यांतील गांभीर्य ध्यानांत येईल. पीक दाण्यावर आलें, कीं माळ्यावर बसून रात्री जागवाव्या लागतात. एका रात्रीं डोळा लागला, तर वर्षाची मेहनत मातीस मिळते.

देशोदेशीं या प्रश्नाचीं उत्तरें निराळीं आहेत. इंग्लंडांत शिकारीचा हक्क सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर चालतो. अमेरिकेंत वन्य पशु सर्व प्रजेचे, व राज्य हें त्यांचें विश्वस्त, असें मानितात. तेथील माँटाना राज्यांत एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थंड मुलखांतील थोरला भाऊबंद, मारावयाचा तर सरकारी परवाना हवाच. शिवाय खाजगी जमिनीवर शिकार करावयाची, तर मालकाची अनुमतिहि मिळवावी लागते.

आपल्याकडेहि कांहीं काळ असाच दुहेरी नियम होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत प्रारंभीं शिकारीचे परवाने होते. खाजगी जमिनीवर मालकाच्या, त्याच्या मुखत्याराच्या अथवा कायदेशीर कबजेदाराच्या संमतीवांचून शिकार करूं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. पाणवठ्यावर दबा धरणें, मोटारींतून गोळी झाडणें, हेंहि निषिद्ध होतें. पुढें 1991 च्या दुरुस्तीनें ही परवान्यांची पद्धतच काढून टाकिली आणि हौसेच्या शिकारीचा काळ संपला. आज मालकानें आनंदानें संमति दिली, तरी तेवढ्यानें शिकाऱ्यास बंदूक उचलतां येत नाहीं. मालकानें स्वतःच्या बांधावर डुकरासाठीं फांस लाविला, तरी तो अपराधच. 2006 च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींस कसत्या वनजमिनीवर व गौण वनोपजावर हक्क दिले; शिकारीचा परंपरागत हक्क मात्र त्यांतून स्पष्टपणें वगळला.

तथापि कायद्यानें एक वाट मोकळी ठेविली आहे. उभ्या पिकास धोका झाल्यास, ठराविक प्राण्यांच्या बाबतींत, अधिकारी कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो. रानडुक्कर व रोही यांच्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें 2015 सालीं ही व्यवस्था सुलभ केली. एवढें करूनहि मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता ठरतें. सारांश, परदेशीं शिकारी शेतकऱ्याच्या दारीं अनुमति मागतो. येथें शेतकरीच स्वतःच्या शेतासाठीं सरकारच्या दारीं उभा असतो.

यांत अन्याय आहे काय? रान उजाड झालें, तर त्याची झळ सर्वांस लागते. म्हणून श्वापदाचें जीवित एकट्या मालकाच्या मर्जीवर सोडूं नये, हें तत्त्व योग्यच आहे. परंतु डुकरांचा कळप हुकुमाच्या कागदासाठीं थांबत नाहीं. कागदास विलंब झाला, कीं एखादा हताश माणूस कुंपणांत विजेचा प्रवाह सोडतो, आणि त्यांत जनावराबरोबर शेजाऱ्याचाहि प्राण जाण्याचें भय असतें. नुकसानभरपाईची तरतूद आहे; ती वेळेवर हातीं पडली, तरच तिचा उपयोग. जी ठेव सर्वांची, तिच्या राखणीचा खर्च एकट्याच्या ज्वारींतून वसूल होऊं नये. शहरांत बसून अरण्यरक्षणाचें कौतुक करणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें हा हिशेब लक्षांत ठेवावा.