निरुत्तर उपकरणांचा स्वयंचलित पुनरारंभ
(व्याख्यानाचा मजकूर)

हुबळी-धारवाड परिसरातील तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी कारखान्याला कुलूप असते. परंतु कार्यालयातील मोडेम, राऊटर व स्विच ही उपकरणे अहोरात्र चालू असतात. वळवाच्या पावसात विजेचा दाब क्षणभर खाली-वर झाला, की एखादे उपकरण धड बंदही पडत नाही आणि धड चालतही नाही. दिवे लागलेले असतात. मात्र संदेशाला उत्तर मिळत नाही. अशा वेळी रखवालदाराला दूरध्वनी करून पिन काढून पुन्हा लावण्यास सांगितले जाते. अंधारात भलतीच पिन निघण्याचा, क्वचित विजेचा धक्का बसण्याचाही संभव असतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ सोयीचा नाही.

दूरनियंत्रित वीज-खटका हे काम स्वतः करतो. तो ठरावीक अंतराने चाचणी-संदेश पाठवितो. लागोपाठ अनेक संदेश निरुत्तर राहिले, की उपकरणाचा पुरवठा काही सेकंद तोडून पुन्हा जोडतो. आतील धारित्रांमधील वीज पूर्णपणे निघून जावी, यासाठी हा अवधी आवश्यक असतो. त्यानंतर उपकरण पूर्ववत सुरू होईपर्यंत चाचणी थांबवावी लागते. अन्यथा जागे होत असलेले उपकरण पुन्हा बंद केले जाते आणि हे चक्र संपत नाही.

चाचणी कोणाची घ्यावी, हा कळीचा मुद्दा आहे. दूरच्या एकाच पत्त्यावर विसंबल्यास बाहेरची तार तुटताच निर्दोष राऊटर वारंवार बंद होईल. त्यासाठी एक जवळचा व दोन-तीन दूरचे पत्ते घेऊन सर्वच निरुत्तर असतील तरच पुरवठा तोडणे इष्ट ठरते. खटक्याची रचनाही अशी असावी, की तो स्वतः बिघडला तरी पुरवठा चालू राहील.

खटक्याला आज्ञा देण्याचा मार्ग त्याच बिघडलेल्या जाळ्यातून जाऊ नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा सुमारे सहा तास बंद पडली, तेव्हा अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर पाठवावे लागले. लहान कारखान्याला मोबाइल संदेशावर चालणारा खटका हा पर्यायी मार्ग पुरेसा ठरतो.

पुनरारंभ म्हणजे दुरुस्ती नव्हे, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक स्वयंचलित पहारा-घड्याळामुळे पुनःपुन्हा सुरू होत होता. त्यामुळे यान वाचले. पण मूळ दोष कार्यांच्या अग्रक्रमाचा होता, आणि तो पृथ्वीवरील अभियंत्यांनी शोधून दूर केल्यावरच त्रास थांबला. म्हणून दोन-तीन प्रयत्नांनंतर खटक्याने थांबून जबाबदार व्यक्तीला सूचना द्यावी आणि प्रत्येक पुनरारंभाची वेळ नोंदवहीत यावी. एकाच वेळी वारंवार नोंदी दिसल्यास वीजपुरवठा, उष्णता व सैल जोडणी यांची तपासणी करावी.

माहिती साठविणारे संगणक आणि चालती यंत्रे नियंत्रित करणारी उपकरणे मात्र अशा खटक्यावर कदापि जोडू नयेत. अकस्मात वीज तुटल्यास संगणकातील नोंदी नष्ट होतात. यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या तर जिवावरच बेतू शकते.