पेटीतला चष्मा



शाळेत नेत्रतपासणी होते, मोफत चष्मे वाटले जातात, वाटपाची संख्या नोंदवहीत चढते आणि आपले कार्य सिद्धीस गेले असे आपण मानतो. महिन्याभराने पाहावे, तर त्यांतले कितीतरी चष्मे दप्तराच्या तळाशी किंवा घरच्या पेटीत विसावलेले असतात.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकेही अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांना तपासतात. चष्मा मिळण्याची वाट अशी पुष्कळ सुकर झाली आहे. तो नाकावर टिकण्याची वाट मात्र बिकटच आहे.

लहानपणापासून अंधुक पाहणाऱ्या मुलाला जग अंधुकच असते असे वाटते. ते तक्रार कशाची करणार? शेजाऱ्याच्या वहीतून ते मुकाट्याने उतरवून घेते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. चष्मा आला की सवंगडी ‘ढापण्या’ म्हणून चिडवतात. घरी निराळीच धास्ती असते: फुटला तर दुसरा कोठून आणायचा? मुलीचे लग्न कसे जमायचे? चष्म्याने नंबर वाढतो, हा समजही असतोच. तो खोटा आहे; पण रोजंदारीवर जगणाऱ्या आईने वस्तू जपून ठेवली, तर त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

तथापि, या जपणुकीची किंमत मोठी आहे. एका डोळ्याचा दोष अधिक असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो. ही मंददृष्टी सुधारण्याचा उत्तम काळ वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंतचा. पुढे चष्मा लावूनही गेलेली दृष्टी पुरती परत येईलच असे नाही.

म्हणून आपण काय करावे? चौकट मुलालाच निवडू द्यावी. पहिल्या दिवशी आईला शाळेत बोलवावे आणि मुलाला समोरच्या झाडाकडे पाहू द्यावे. हिरव्या ढिगाऱ्याची सुटी सुटी पाने होताना मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते आईला आपल्या उपदेशाहून अधिक पटते. चिडवणाऱ्यांना वेळीच आवरावे. चष्मा मोडला तर मुलावर रागावू नये. रागाच्या भीतीनेच पुढचा चष्मा पेटीत जातो. तो दुरुस्त कसा होईल, नवा कोठे मिळेल, हे पाहणे आपले काम. आणि ज्यांना स्वतःला चष्मा आहे, त्यांनी तो वर्गात अवश्य लावावा.

नोंदवहीत एक रकाना वाढवा, एवढीच माझी विनंती आहे. चष्मे किती दिले, याच्या शेजारी लिहा: आज किती मुलांच्या डोळ्यांवर आहेत?