अडकलेला गिअर



मोटार चालविणाऱ्याला यंत्राची खरी ओळख यंत्र चालत असतांना होत नाहीं. तें अडल्यावर होते. मला ती ओळख एका पावसाळी सकाळीं इगतपुरीपाशीं झाली. आम्ही मुंबईहून नाशिकला निघालों होतों. मागें आई बसली होती, शेजारीं धाकटा भाऊ. कसारा घाट मालमोटारींच्या रांगेमागून दुसऱ्या गिअरवर चढून आलों. वर सपाटी लागली तेव्हां तिसरा गिअर टाकावा म्हणून क्लच दाबला आणि दांडा ओढला. पण तो जागचा हलेना. गाडी कडेला घेऊन ब्रेक लावला, तसें इंजिन आचके देऊन बंद पडलें. भाऊ खालीं उतरून बॉनेटपाशीं गेला. मीं क्लच पूर्ण दाबून किल्ली फिरवली. क्लच दाबला आहे, मग भय कसलें, असा माझा हिशेब! पण गाडीनें एकदम पुढें उसळी घेतली. भाऊ बॉनेटच्या बाजूला होता, समोर नव्हता, म्हणूनच आज मी हें भाषण इतक्या स्वस्थपणें करीत आहें.

माझा हिशेब कोठें चुकला, हें समजण्यासाठीं गिअरच्या पेटींत काय चालतें तें थोडक्यांत पाहूं. इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें दोन मध्यस्थ असतात. पहिला क्लच. त्याची तबकडी इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरलेली असते. पेडल दाबलें कीं ती सुटते आणि इंजिनाचा व चाकांचा संबंध तुटतो. दुसरा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. जुन्या मोटारींत दांतेरी चाकें प्रत्यक्ष सरकवून एकमेकांत गुंतवावीं लागत, आणि त्या वेळीं होणारा खरखराट साऱ्या आळीला ऐकूं जाई. १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत ‘सिंक्रोमेश’ची योजना आली. गुंतवावयाच्या दोन भागांची गति आधीं सारखी करून मग त्यांची गांठ घालावयाची, हें तिचें तत्त्व. आजच्या हातगिअरच्या मोटारींत पुढच्या गिअरांचीं दांतेरी चाकें सदैव एकमेकांत गुंतलेलींच असतात. आपण दांडा हलवितों तेव्हां एक कडें सरकतें आणि हव्या त्या चाकाला दंडाशीं जखडून टाकतें. तें कडें सरकविणारा एक दुबेळक्यासारखा तुकडा असतो, त्याला फोर्क म्हणतात. आणि आपल्या हातांतील दांडा व तो फोर्क यांना जोडणाऱ्या तारा किंवा सळया असतात.

आतां एक साधी गोष्ट ध्यानांत घ्या. ताणलेल्या दोराची गांठ सुटत नाहीं. दोर क्षणभर सैल सोडला कीं ती बोटानें सुटते. गिअरचें अगदीं तसेंच आहे. इंजिनाची ओढ चालू असेपर्यंत कड्याचे दांत चाकाच्या दांतांवर रेटलेले राहतात आणि निघत नाहींत. ही ओढ सैल करणें हेंच क्लचचें काम. म्हणून गिअर अडकला कीं पहिला संशय गिअरबॉक्सवर न घेतां क्लचवर घ्यावा.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करावें, हातब्रेक लावावा, क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्यें ओढून पाहावा. इंजिन बंद असतांना दांडा सहज निघतो, आणि चालू असतांना निघत नाहीं किंवा पडत नाहीं, असें असेल तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. त्या दिवशीं आमचें तसेंच झालें होतें. पेडल जमिनीला टेकत होतें, पण तबकडी सुटतच नव्हती. म्हणून किल्ली फिरवितांच स्टार्टरनें इंजिनाबरोबर चाकेंहि फिरविलीं. कित्येक मोटारींत क्लच दाबल्याखेरीज स्टार्टर चालूच होत नाहीं. पण ती योजना फक्त पेडल दाबलें आहे कीं नाहीं एवढेंच पाहते. क्लच सुटला आहे कीं नाहीं, तें तिला कळत नाहीं. म्हणून पहिला नियम हा कीं, गिअर अडकलेल्या मोटारीची किल्ली, दांडा न्यूट्रलमध्यें आल्याची खात्री होईपर्यंत फिरवूं नये; आणि मोटारीच्या पुढें वा मागें कोणासहि उभें राहूं देऊं नये.

शेजारच्या चहाच्या दुकानांतून एक मिस्त्री आले. त्यांनीं आधीं दांड्याला हातच लावला नाहीं. बॉनेट उघडून ब्रेक-ऑईलची डबी पाहिली. तेल खुणेच्या बरेंच खालीं गेलें होतें. मग वांकून गाडीच्या खालीं पाहिलें. क्लच सोडविणाऱ्या छोट्या सिलिंडरापाशीं ओल होती. त्याचें रबर फाटून तेल झिरपलें होतें आणि नळींत हवा शिरली होती. तेल दाबलें जात नाहीं म्हणून तें पायाचा जोर पुढें पोंचवितें. हवा मात्र दाबली जाते आणि तो जोर वाटेंतच जिरतो. मिस्त्रींनीं तेल भरलें, हवा काढली आणि नाशिकला जाऊन रबर बदलून घेण्यास बजावलें. पुष्कळ मोटारींत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते; म्हणून तिच्यांतील तेल उतरणें ही ब्रेकच्याहि धोक्याची सूचना समजावी. या डबींत इंजिनाचें तेल कदापि घालूं नये. त्यानें आंतील रबरें फुगून निकामी होतात. ज्या मोटारींत तेलाऐवजीं तार असते, तेथें ती तार सैल झाली आहे कीं तुटत आली आहे तें पाहावें. पावसाळाभर एकाच जागीं उभ्या राहिलेल्या मोटारीची तबकडी गंजानें फ्लायव्हीलला चिकटून बसते, हेंहि आपल्याकडे घडतें.

इंजिन बंद असूनहि दांडा निघत नसेल तर? गाडी उतारावर केवळ गिअरच्या भरंवशावर उभी केली असेल, तर तिचें सारें वजन त्या दांतांवर आलेलें असतें. पायानें ब्रेक दाबून धरावा, क्लच दाबावा, मग ब्रेक अगदीं किंचित् सैल करून पुनः दाबावा आणि त्याच वेळीं दांडा हलक्या हातानें ओढावा. बहुधा तो निघतो. पुढच्या खेपेस आधीं हातब्रेक लावावा आणि गिअर मागाहून टाकावा.

कधीं कधीं दांडा मोकळा डुलतो आणि गाडी मात्र गिअरमध्येंच असते. अशा वेळीं तारेचें टोंक निसटलेलें असतें, किंवा तेथील प्लॅस्टिकचें बुश झिजलेलें असतें. दांडा मध्यें दिसतो म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें आहे असें मानणें हा मोठा धोका आहे. मिस्त्री गिअरबॉक्सवरील आडवा हात तार सोडवून स्वतः हलवून पाहतो; तो हलला तर दोष बाहेरचा आणि दुरुस्ती थोडक्यांतली. तो हलला नाहीं, तर फोर्क वांकला आहे किंवा एकाच वेळीं दोन गिअर गुंतले आहेत असा संशय घ्यावा. दोन गिअर गुंतले म्हणजे क्लच दाबूनहि गाडी ढकलली जात नाहीं. तेथें घरगुती इलाज नाहीं. गिअरबॉक्स उघडावाच लागतो. अशी गाडी चालकचाकें जमिनीवर ठेवून टोचन करून नेऊं नये. ती उचलून न्यावी.

आणि गाडी धांवत असतांनाच गिअर अडकला तर? घाबरून किल्ली बंद करूं नये. त्यानें ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि किल्ली काढली तर सुकाणूंहि अडकूं शकतें. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा. ओढ सैल होण्याच्या त्या क्षणीं हलक्या हातानें ओढलेला दांडा पुष्कळदां आपण होऊन निघतो. न निघाला तर धोक्याचे दिवे लावून कडेला यावें आणि ब्रेकनें थांबावें. इंजिन बंद पडलें तर पडूं द्यावें. मग हातब्रेक लावावा, चाकाला दगड लावावा आणि माणसें रस्त्यापासून दूर उभीं करावीं.

या साऱ्यांत एक गोष्ट मीं सांगितली नाहीं, ती म्हणजे जोर. मीं दांड्यावर लावलेला जोर दांतांपर्यंत पोंचलाच नाहीं. तो गेला तारेच्या टोंकावरील बुशावर, आणि तें तडकलें. रबराच्या दुरुस्तीबरोबर त्याचीहि किंमत मला मोजावी लागली. मिस्त्री म्हणाले, “साहेब, निघायचा असेल तर दोन बोटांनीं निघतो. दोन बोटांनीं नाहीं निघाला, तर कां नाहीं तें आधीं बघायचं.” त्या दिवसापासून आमच्या घरीं आणखी एक रीत पडली आहे. मी किल्लीला हात लावण्यापूर्वीं आई मागून विचारते, “धाकटा कुठं उभा आहे?” उत्तर मिळेपर्यंत गाडी सुरू होत नाहीं. श्रोत्यांनींहि हा प्रश्न आपल्या घरीं सुरू करावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.