पुढच्या अधिवेशनावर टाकलेला प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

शाळेच्या क्रमिक पुस्तकात पहिले महायुद्ध पिस्तुलाच्या गोळ्यांनी सुरू होते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांना गाव्ह्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ठार केले आणि त्यातून युद्धाचा वणवा पेटला, असे विद्यार्थी पाठ करतात. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. खून २८ जूनला झाला आणि ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले ते २८ जुलैला. मधला संपूर्ण महिना युरोपातील सम्राट, मंत्री आणि सेनापती यांच्या हाती होता. ठिणगी विझवायला एक महिना पुरेसा असतो. पण विझवणारे थोडे होते आणि फुंकर घालणारे पुष्कळ.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातच जर्मन सम्राटाने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. त्या बळावर ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने त्यातील बहुतेक मागण्या मान्य केल्या, तरीही युद्ध पुकारले गेले. ३० जुलैला रशियाने सार्वत्रिक सैन्यभरतीचा हुकूम काढला. जर्मन सेनापतींची योजना अशी होती की, आधी बेल्जियममधून घुसून काही आठवड्यांत फ्रान्सला नमवावे आणि मग रशियाकडे वळावे. ही सारी योजना रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेली होती. रशियाने तयारी पुरी करण्याआधी फ्रान्स पाडला पाहिजे, म्हणून एक दिवसही थांबणे सेनापतींना परवडेना. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध व ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरले.

सोपे उत्तर आणि खरे उत्तर

भांडवलदारांनी नफ्यासाठी कट करून युद्ध घडवून आणले, असे उत्तर समाजवादी व्यासपीठावरून अनेकदा दिले जाते. पुरावा मात्र त्याला साथ देत नाही. जुलैच्या अखेरीस सर्वांत अधिक घाबरले होते ते सावकारी पेढ्यांचे मालक. ३१ जुलैला लंडनचा शेअरबाजार बंद करावा लागला आणि दुसऱ्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडने व्याजाचा दर दहा टक्क्यांवर नेला. युद्ध पेटणे त्या आठवड्यात त्यांच्या मुळीच हिताचे नव्हते.

याचा अर्थ भांडवलशाही निर्दोष ठरते असा नाही. तिचा दोष कटाहून खोल आहे. वसाहती, बाजारपेठा व कच्चा माल यांच्यासाठी चाललेल्या स्पर्धेने राष्ट्राराष्ट्रांत कायमचा संशय पेरला होता. आरमारे व तोफखाने यांच्या बांधणीवर मोठे उद्योग पोसले जात होते. संशय आणि शस्त्रे यांचा साठा झाला की कोणाचीही इच्छा नसताना स्फोट होऊ शकतो. व्यापाराचे धागे एवढे गुंतले आहेत की युद्ध कोणालाच परवडणार नाही, असे नॉर्मन एंजल यांच्यासारखे लेखक सांगत होते. त्यांचा हिशेब बरोबर होता. युद्ध कोणालाच परवडले नाही. पण न परवडणारी गोष्ट घडणारच नाही, असा नियम इतिहासात नाही.

ज्यांनी रोखायचे होते त्यांचे काय झाले?

हे युद्ध रोखण्याची प्रतिज्ञा केलेली एक शक्ती युरोपात होती. १८८९ साली स्थापन झालेली दुसरी आंतरराष्ट्रीय ही ती शक्ती. युद्ध टाळण्यासाठी कामगारवर्गाने सर्व उपाय योजावेत आणि युद्ध पेटलेच तर ते लवकर संपविण्यासाठी झटावे, असा ठराव १९०७ साली श्टुटगार्ट येथे झाला. नोव्हेंबर १९१२ मध्ये बाझेल येथे त्याचा पुनरुच्चार झाला. पण उपाय नेमका कोणता? ब्रिटनचे केअर हार्डी आणि फ्रान्सचे व्हायाँ यांनी १९१० च्या कोपनहेगन अधिवेशनात स्पष्ट सूचना मांडली होती : युद्धाला लागणारा माल पुरविणाऱ्या उद्योगांत सार्वत्रिक संप करावा. जर्मन पक्षाचा त्याला विरोध होता. तेव्हा फूट टाळण्यासाठी हा प्रश्न पुढच्या अधिवेशनावर टाकण्यात आला. ते अधिवेशन ऑगस्ट १९१४ मध्ये व्हिएन्ना येथे भरायचे होते. ते कधीच भरले नाही.

२९ व ३० जुलैला ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीयच्या कार्यालयाची बैठक घाईने झाली. तेथून परतलेले फ्रान्सचे नेते जाँ जोरेस ३१ जुलैच्या रात्री पॅरिसमधील एका उपाहारगृहात बसले असता एका माथेफिरू राष्ट्रवाद्याने त्यांना गोळी घातली. त्या मारेकऱ्याला न्यायालयाने १९१९ साली निर्दोष सोडले.

जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हा जगातील सर्वांत बलाढ्य समाजवादी पक्ष होता. दहा लाखांहून अधिक सभासद, १९१२ च्या निवडणुकीत सुमारे ४२ लाख मते आणि राइखश्टागमध्ये ११० जागा, असे त्याचे बळ होते. ३ ऑगस्टला त्याच्या संसदीय गटात युद्धकर्जाच्या मंजुरीवर मतदान झाले. अनुकूल ७८ आणि प्रतिकूल १४. दुसऱ्या दिवशी संपूर्ण गटाने शिस्त पाळून कर्जाच्या बाजूने मत दिले. पक्षाचे निवेदन वाचून दाखविण्याची पाळी आली ती विरोधकांपैकी असलेल्या ह्यूगो हासे यांच्यावर. कार्ल लीबक्नेख्त यांनीही त्या दिवशी शिस्त पाळली. २ डिसेंबरला दुसऱ्या कर्जाच्या वेळी मात्र सभागृहात एकट्याने विरोधी मत देणारे तेच होते.

या ७८ जणांना भ्याड वा लाचखाऊ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. झारशाहीच्या फौजा चालून आल्या तर पन्नास वर्षांत उभारलेली चळवळ चिरडली जाईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. फ्रान्स-जर्मनी सलोख्यासाठी झटणारे खासदार लुडविग फ्रांक स्वेच्छेने सैन्यात गेले आणि ३ सप्टेंबरला रणांगणावर पडले. माणसे प्रामाणिक होती, हीच या शोकांतिकेची धार आहे. उलट, सर्बियाच्या संसदेत समाजवाद्यांच्या अवघ्या दोन जागा होत्या आणि देशावर आक्रमण झालेले होते. तरी त्या दोघांनी युद्धकर्जाला विरोध केला.

युद्ध पसरले कसे?

युद्ध पसरले ते दोन वाटांनी : गुप्त करार आणि कर्ज. जर्मनीच्या ताब्यातील चिंगदाओ बंदर मिळविण्यासाठी जपान ऑगस्ट १९१४ मध्येच उतरला. तुर्कस्तान नोव्हेंबरमध्ये ओढले गेले. एप्रिल १९१५ मध्ये लंडनच्या गुप्त तहाने इटलीला प्रदेशांचे आमिष दाखविण्यात आले आणि मे महिन्यात इटली युद्धात आली. १९१६ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी अरब प्रदेश कागदावर वाटून घेतले.

कर्जाचा परिणाम याहून दूरगामी झाला. जर्मनीने कर वाढविण्याऐवजी जनतेकडून नऊ वेळा युद्धकर्ज उभारले. शत्रू हरल्यावर तो ते फेडील, हा हिशेब त्यामागे होता. ब्रिटन व फ्रान्स यांनी अमेरिकेच्या बाजारात हात पसरले. त्यामुळे बरोबरीत तडजोड करणे म्हणजे दिवाळे जाहीर करणे, अशी प्रत्येक सरकारची स्थिती झाली. जितकी माणसे मेली आणि जितके कर्ज झाले, तितका तह अधिक अशक्य झाला. १ जुलै १९१६ या एका दिवशी सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्यातील १९ हजारांवर माणसे ठार झाली. तरी ती लढाई नोव्हेंबरपर्यंत चालू राहिली.

ज्यांना मतच नव्हते त्यांनाही हे बिल भरावे लागले. हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे सैन्यात व त्याच्या चाकरीत घेण्यात आली. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने १० कोटी पौंडांची ‘देणगी’ जाहीर केली. ती देण्याबद्दल येथील शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कूत येथे वेढली गेली आणि उपासमारीने २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांतील कितीतरी जवान तुर्की कैदेतून परत आले नाहीत. युद्धकाळात मुंबईच्या गिरण्यांनी भरघोस नफा कमावला आणि धान्य-कापडाचे भाव मात्र कडाडले. त्याचा जाब जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप करून विचारला.

शेवट कोणी केला?

८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. आठवड्याभरात झारने राज्यत्याग केला. त्याच वसंतात फ्रेंच सैन्याच्या जवळजवळ निम्म्या डिव्हिजनांत अवज्ञा पसरली. खंदक सांभाळू, पण निष्फळ चढाईत मरणार नाही, असे शिपाई म्हणू लागले. जानेवारी १९१८ मध्ये व्हिएन्ना व बर्लिन येथे लाखो कामगारांनी संप केले.

केवळ संपांनी युद्ध संपले, असे मात्र म्हणता येणार नाही. ब्रिटिश नाकेबंदीने जर्मन जनता अर्धपोटी झाली होती, एप्रिल १९१७ मध्ये युद्धात आलेल्या अमेरिकेची ताजी कुमक पोहोचत होती आणि ८ ऑगस्ट १९१८ पासून जर्मन सैन्य मागे हटत होते. सप्टेंबरअखेर खुद्द सेनापती लुडेनडॉर्फ यांनी शस्त्रसंधीची मागणी केली. तरीही आरमाराच्या अधिकाऱ्यांनी शेवटच्या एका लढाईसाठी जहाजे बाहेर काढण्याचे ठरविले, तेव्हा खलाशांनी नकार दिला. कील बंदरातून तो नकार शहराशहरांत पसरला. ९ नोव्हेंबरला कैसरचे सिंहासन गेले आणि ११ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. तोवर ९० लाखांच्या आसपास सैनिक मेले होते.

चार वर्षांपूर्वी पुढाऱ्यांनी जो नकार द्यायचा होता, तो अखेरीस उपाशी स्त्रिया आणि खलाशी यांनी दिला. पण चार वर्षांच्या विलंबाची किंमत चळवळीने पुढेही मोजली. १५ जानेवारी १९१९ रोजी लीबक्नेख्त आणि रोझा लक्झेंबर्ग यांचा सैनिकांनी खून केला, तेव्हा सत्तेवर त्यांचेच जुने पक्षबंधू होते. कामगार चळवळीतील ती भेग बुजली नाही आणि १९३३ साली हिटलरला तिचा फायदा मिळाला. २८ जून १९१९ रोजी, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे होत असताना, व्हर्सायचा तह झाला. त्यातील नुकसानभरपाईच्या अटींना विरोध करून जॉन मेनार्ड केन्स आधीच ब्रिटिश शिष्टमंडळातून बाहेर पडले होते. वीस वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

मित्रहो, १९१० सालच्या कोपनहेगन अधिवेशनात कोणी गद्दारी केली नव्हती. एक अवघड प्रश्न होता, त्यावर एकमत नव्हते आणि पक्षाची एकी जपायची होती. म्हणून तो पुढे ढकलला गेला. प्रत्येक संघटनेत असे प्रश्न असतात आणि ते पुढे ढकलताना प्रत्येक वेळी कारणही सबळ असते. परंतु युद्ध, दंगल किंवा आणीबाणी अधिवेशनाची तारीख पाहून येत नाही. ती येते तेव्हा विचार करायला एक रात्र मिळते, आणि त्या रात्री माणसे आधी ठरविलेले तेवढेच करू शकतात. जे आधी ठरलेले नसते, ते ऐनवेळी गर्दीच ठरविते.