प्रकाश, लेप आणि विषाणू



मार्च २०२० मध्ये मुंबईच्या उपनगरी गाड्यांची प्रवासी वाहतूक थांबली. घाटकोपर-अंधेरी मार्गावरील मेट्रोही बंद झाली. ती १९ ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. ज्या दांड्यांना व आसनांना दररोज असंख्य हात लागतात, ती निर्धोक कशी राखावीत, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशापुढे होता. त्याच वर्षी जुलैमध्ये कपूरथळा येथील रेल्वे कारखान्याने एक नवा डबा सिद्ध केला. त्यात दांड्यांना तांब्याचा मुलामा होता. आसने, काचा व जमीन यांवर टायटॅनियम डायॉक्साइडचा अतिसूक्ष्म लेप होता.

भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हाच पदार्थ असतो. त्याचा एक विशेष गुण फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यावर अतिनील किरण पडले म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन आपले स्थान सोडतात व मागे रिक्त जागा उरते. हवेतील प्राणवायू व बाष्प यांच्याशी त्यांची क्रिया होऊन अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतात. हे कण विषाणूचे स्निग्ध आवरण व प्रथिने यांची मोडतोड करतात. मग विषाणूस शरीरातील पेशीत शिरता येत नाही. लेप मात्र खर्ची पडत नाही. विवाह जुळवून देणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे तो पुढील कार्यास मोकळाच राहतो. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

तथापि त्याच्या मर्यादा ध्यानी घेतल्या पाहिजेत. अंधारात तो जवळजवळ निष्क्रिय असतो. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा अंश अल्प; खोलीतील साध्या दिव्यात तर तो नाममात्रच. लेपावर धूळ बसली की प्रकाश अडतो. क्रियेस काही काळ लागतो, आणि लेपास न टेकलेल्या विषाणूचे तो काहीच करू शकत नाही. करोनाचा प्रसार तर मुख्यतः हवेतूनच होत असे.

म्हणून शाळेसाठी असा लेप घेण्याची सूचना आली, तर मुख्याध्यापकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : त्यास कोणता प्रकाश लागतो? परिणामास किती वेळ लागतो? ही परीक्षा वर्गासारख्या प्रकाशात झाली आहे काय? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो पैसा साबण, पाणी व उघडणाऱ्या खिडक्या यांवर खर्च करावा. मुलांनाही हेच तीन प्रश्न विचारावयास शिकवावे.