उपेक्षित गाडी आणि आपले हात
(फुलंब्री येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली की, ‘गुरुजी, त्या जुन्या गाडीची हकीकत एकदा सर्वांना सांगा.’ आम्हांस प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचे गौरव होतात, समाजाच्या प्रगतीचा आढावा घेतला जातो. तेथे एका मोडक्या मोटारीचे पुराण कशाला? परंतु विचारांती असे वाटले की, त्या गाडीने आम्हांस जे शिकविले ते आम्हां एकट्यापुरते ठेवण्याजोगे नाही. आम्ही जन्मभर खडू-फळ्याचा व्यवसाय केला, शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेच. यंत्रविद्येत आमचा अधिकार नाही. तेव्हा काही उणे-अधिक बोललो, तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

ही गाडी म्हणजे होंडा सिव्हिक हायब्रिड. हायब्रिड म्हणजे दोन शक्तींवर चालणारी गाडी: एक पेट्रोलचे इंजिन व दुसरी विजेची मोटर. चढाला भरलेली बैलगाडी लागली की आपले शेतकरी पुढे आणखी एक जोडी जुंपतात आणि चढ संपला की ती सोडून देतात. हायब्रिड गाडीतील विजेची मोटर ही अशी वरजोडी होय. फरक इतकाच की, ही वरजोडी उतारावर आपला चारा आपणच गोळा करते. सायकलच्या चाकाला डायनामो लावला की दिवा पेटतो आणि पायडल जड होते, हा अनुभव येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना असेलच. त्याच न्यायाने या गाडीचा ब्रेक दाबला की मोटरचा डायनामो होतो, गाडीचा वेग कमी होतो आणि जी शक्ती एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया गेली असती, तिच्यातील काही भाग वीज होऊन बॅटरीत साठतो.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियातील लोनर यांच्या गाडीकारखान्यासाठी फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली पेट्रोल व वीज अशा दोहोंवर चालणारी गाडी सिद्ध केली होती. पुढे पेट्रोल स्वस्त झाले आणि कल्पना अडगळीत पडली. १९९७ च्या डिसेंबरात जपानात टोयोटाची प्रियस विक्रीस आली, १९९९ साली होंडाची इनसाइट आली, तेव्हा जगाला तिची पुन्हा आठवण झाली. आपल्या देशात २००८ साली सिव्हिक हायब्रिड आली. ती जपानातून तयार होऊन येई व तिची किंमत सुमारे साडेएकवीस लाख होती. त्यामुळे ती थोड्यांनीच घेतली. २०१० साली पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने, जुन्या गाडीला विजेची जोड देणारा ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला होता, हेही महाराष्ट्रीयांनी विसरू नये.

आता आमची गाडी. छत्रपती संभाजीनगरात आमच्या एका परिचितांच्या बंगल्याच्या आवारात, कडुलिंबाखाली, ती सात वर्षे उभी होती. त्यांच्या वडिलांनी २००८ साली हौसेने घेतली होती; वडील निवर्तले आणि मुलांनी दुसरी गाडी घेतली. आम्ही २०२१ च्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती भंगारवाल्याला द्यावयाची बोलणी चालली होती. चारही टायर भुईला टेकलेले, काचेवर पाचोळ्याचा थर, आत उंदरांचा संसार! आम्ही भंगाराच्या भावाहून थोडे अधिक, साठ हजार रुपये देऊन ती घेतली. आमच्या घरातून यास कडाडून विरोध झाला आणि तो रास्तच होता. निवृत्तिवेतनाचे पैसे गंजात घालणारा मनुष्य शहाणा कसा म्हणावा? खरे कारण आज सांगतो. रिकामपण आम्हांस खाऊ लागले होते.

शहरातील एका कार्यशाळेत चौकशी केली. तेथील गृहस्थांनी गाडीकडे न पाहताच सांगितले की, ‘मोठी बॅटरी संपूर्ण नवी घाला, नाहीतर गाडी मोडीत काढा.’ बॅटरीची किंमत ऐकून आम्ही परतलो. तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. फुलंब्रीत सिल्लोड रस्त्याला त्याचे लहानसे गॅरेज आहे.

या मुलाविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. तो आपल्याच ज्ञातीचा. त्याचे वडील विळे-खुरपी घडवीत, वखराच्या पासा शेवटीत. हा वर्गात शेवटच्या बाकावर बसे. गणित येत नसे, शुद्धलेखनाचा आनंद. पण शाळेची घंटा, हातपंप, कुलूप काहीही बिघडले की दुरुस्त करून ठेवी. आम्ही एकदा भरवर्गात म्हटले होते, ‘तुझ्या नशिबी भाताच ओढणे आहे.’ आम्ही स्वतः लोहाराचे पुत्र! आमच्या वडिलांनी ऐरणीवर घण मारून आम्हांस मॅट्रिक केले आणि आम्ही भात्याचे नाव शिवीसारखे उच्चारले. पुढे शाळा सोडून तो गॅरेजात लागला. आम्ही गाडी घेऊन त्याच्या दारी गेलो तेव्हा तो हात पुसून पाया पडला. त्या वाक्याचा उल्लेख त्याने त्या दिवशी केला नाही, आजवर केलेला नाही.

तो म्हणाला, ‘गुरुजी, इंजिनाचे मी पाहतो. बॅटरीचे मला शिकावे लागेल. तुम्ही वाचून सांगा, मी हाताने करतो.’ येथून आमची शाळा सुरू झाली. होंडाची पुस्तिका इंग्रजी. ती आम्ही शब्दकोश घेऊन लावावी आणि त्याने हत्यार चालवावे. टाकीतील नासके पेट्रोल काढले, टाकी धुतली, गंजलेले ब्रेक उतरविले, उंदरांनी कुरतडलेल्या तारा एकेक करून जोडल्या, सर्व तेले बदलली. तीन आठवड्यांनी १३३९ घनसेंटिमीटरचे ते इंजिन बोलू लागले. परंतु हायब्रिडचा इशारादिवा काही विझेना. या गाडीला इतर गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही. मोठी बॅटरी मेली की नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही हळूहळू उपाशी मरते. म्हणजे मूळ दुखण्याला हात घालण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. तिच्यात निकेल-मेटल हायड्राइड जातीचे १३२ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल सव्वा व्होल्टच्या आसपास. सर्व मिळून दाब सुमारे १५८ व्होल्ट. एवढा एकदिश प्रवाह माणसाचा प्राण घेऊ शकतो. आमच्या शिष्याने प्रथम आम्हांस हातातले घड्याळ व अंगठी काढावयास लावली, मुख्य स्विच बंद केला, विद्युतरोधक हातमोजे घातले आणि आतील साठा निवेपर्यंत आम्हांस दूर बसविले. जन्मभर ज्याने मुलांना ‘हात लावू नका’ म्हटले, त्याला ते ऐकण्याची पाळी आली! ज्ञातिबंधूंनो, आमची हकीकत ऐकून कोणी घरी असली बॅटरी उघडू नये. जाणत्या कारागिराशिवाय हे काम करणे म्हणजे विस्तवाशी खेळ आहे.

झाकण उघडले तो बॅटरीला वारा घालणाऱ्या पंख्याच्या वाटेत उंदराचे घरटे! सेलांचे बारा-बारांचे अकरा जथे आहेत. आम्हांस ते वर्गातील अकरा रांगांसारखे वाटले आणि आम्ही एका जुन्या हजेरीपटाच्या वहीत त्यांची नोंद मांडली. जथ्याने चौदा व्होल्टच्या वर दाखवावयास हवे. काही नऊवर आले होते. सात वर्षे नुसते पडून राहिल्याने प्रत्येकाची वीज आपापल्या गतीने गळाली होती. सगळे एकाच माळेत असल्याने माळेची शक्ती सर्वांत दुबळ्या मण्याइतकीच. गाडीचा संगणक त्या एका दुबळ्यावरून सर्वांना नापास ठरवितो. सगळी बॅटरी फेकून द्या म्हणणारे चूक नव्हते. फक्त त्यांना रांगेरांगेने पाहण्यास सवड नव्हती.

उपाय सावकाशीचा. प्रत्येक जथा निराळा घ्यावा, एक-तृतीयांश अँपिअरच्या मंद प्रवाहाने रात्रंदिवस भरावा, वर पंखा ठेवावा. मग गाडीचा लहान दिवा जोडून तो रिकामा करावा आणि बारा व्होल्टवर आला की थांबावे. अधिक पिळले तर सेल उलटे होऊन मरतात. असे तीन वेळा करावे. दिवा किती वेळ टिकतो ते आम्ही वहीत लिहीत होतो. पहिल्या फेरीत जे जथे अर्ध्या तासात माना टाकीत, ते तिसऱ्या फेरीत अडीच तास दिवा तेवत ठेवू लागले! दीड महिन्यात नऊ जथे सुधारले. दोन मात्र चाळीस मिनिटांच्या पुढे जाईनात.

येथे आमच्या हातून चूक झाली, ती सांगतो. आम्हांस घाई झाली होती. शिष्य म्हणाला, ‘हे दोन बदलल्याशिवाय जोडू नका.’ आम्ही गुरुत्वाच्या जोरावर म्हटले, ‘अकरांत दोन कमी, इतके चालते.’ त्याने मुकाट्याने जोडले. आठव्या दिवशी इशारादिवा पुन्हा लागला; दोन दुबळ्यांच्या पायी शेजारचे सुधारलेले जथेही खचू लागले होते. सगळे पुन्हा उतरविले. मग मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, अशाच मोडीत निघालेल्या गाडीचे जथे मिळविले आणि त्यांतून आमच्या नऊंच्या बरोबरीने दिवा जाळणारे दोनच निवडले. जे गेले होते ते सेल आम्ही उकिरड्यावर टाकले नाहीत. त्यांच्यात दाहक क्षार असतो. गिरिजेच्या काठी पडले तर पाणी नासेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्चक्रण करणाऱ्याकडे दिले.

२०२२ च्या दसऱ्याला हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा केली आणि आम्ही दोघे चौक्याच्या घाटात गेलो. चढावर विजेची वरजोडी लागलेली स्पष्ट जाणवली. उतार लागला, पाय ब्रेकवर आला आणि फलकावरील काटा ‘चार्ज’कडे वळला. शिष्य हळूच म्हणाला, ‘गुरुजी, भाता उलटा ओढला की वारा आत येतो, तसे आहे हे.’ आम्ही काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे आम्हांजवळ नव्हते. बऱ्याच वेळाने आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘तुम्ही खोटे कुठे बोलला होता? भाता ओढला म्हणून तर आज हे कळले.’

हिशेबही सांगितला पाहिजे. खरेदी धरून एकंदर दीड लाखाच्या आसपास खर्च झाला. २०२३ साली पंधरा वर्षे पूर्ण होताच परिवहन कार्यालयात तपासणी झाली, फेरनोंदणीचे पाच हजार आणि पर्यावरण कर भरला. रस्त्यावर गाडी लिटरला सतरा-अठरा किलोमीटर जाते. व्यवहाराच्या तागडीत तोलले तर हा सौदा तोट्याचा. तेवढ्या पैशांत चांगली वापरलेली लहान गाडी आली असती. म्हणून आमचे अनुकरण करा, असे आम्ही म्हणत नाही.

मग सांगावयाचे काय? वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘विश्वकर्मा’ अथवा ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. लेणे बौद्धांचे, परंतु पाषाणाच्या छतात लाकडी फासळ्या अशा हुबेहूब कोरल्या आहेत की, पाहणाऱ्यांना सुताराचेच स्मरण झाले. आपण पांचाळ त्या विश्वकर्म्याचे नाव मिरवितो, प्रतिमेला हार घालतो, आणि मुलाने हातात पाना धरला की मान खाली घालतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर व महाराष्ट्र शासन यांच्यात आपल्याच जिल्ह्यात विजेच्या व हायब्रिड गाड्यांच्या कारखान्यासाठी सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार झाला. उद्या या गाड्या आपल्या दारावरून धावतील. त्या दुरुस्त करणारे हात आपले असावेत की नसावेत, हे आज आपण ठरविले पाहिजे.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांना आपण बक्षिसे देतो, ती देत राहावी. त्यांच्याच शेजारी, त्याच व्यासपीठावर, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या अथवा गॅरेजात उमेदवारी करणाऱ्या एका तरी मुलास दरवर्षी चांगल्या हत्यारांची पेटी द्यावी. पहिल्या पेटीचा खर्च आम्ही करू. आणि येथे जे शिक्षक-बंधू आहेत त्यांस एकच विनंती: शेवटच्या रांगेवर वाक्य टाकण्यापूर्वी तिला एकदा मंद प्रवाहाने, सावकाश भरून पाहावे. काही खरोखरच भरत नाहीत, हे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. परंतु अकरांपैकी ते दोनच होते.

 गाडी बाहेर उभी आहे; मुलांनी अवश्य पाहावी. तिचा कारागीर तिच्याजवळच आहे. विचारावयाचे ते त्यालाच विचारावे.