वखारींच्या गावातील चित्रमंदिर

जपानच्या ओकायामा प्रांतात कुराशिकी नावाचे एक जुने व्यापारी नगर आहे. जपानी भाषेत 'कुरा' म्हणजे वखार. गावाचा व्यवसाय त्याच्या नावातच आला आहे. तोकुगावा शोगुनांच्या अमलात हे गाव प्रत्यक्ष त्यांच्या सत्तेखाली होते. भोवतालच्या मुलखातील तांदूळ आणि कापूस येथील कालव्याने होड्यांतून जात असे. आता त्या होड्यांतून प्रवासी हिंडतात. काठावर वाळुंजाची झाडे झुकलेली आहेत, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या गिलाव्याच्या, काळ्या कौलांच्या वखारी उभ्या आहेत. भिंतींवर काळ्या फरश्या बसवून त्यांच्या सांध्यांवर चुन्याचे जाड उंचवटे काढलेले दिसतात. आग आणि पाऊस यांपासून मालाचे रक्षण व्हावे, हा त्यातील हेतू.

या वखारींच्या शेजारी ग्रीक देवालयासारखे स्तंभ असलेली एक इमारत पाहून प्रवासी क्षणभर थबकतो. हे ओहारा कलासंग्रहालय. पाश्चात्त्य कलेसाठी जपानमध्ये स्थापन झालेले हे पहिले संग्रहालय १९३० साली उघडले. आत एल ग्रेकोने रंगविलेला, देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो तो प्रसंग आहे. मोनेची कमळेही आहेत. एका लहानशा गावात ही चित्रे कशी आली, याची हकिगत चित्रांइतकीच पाहण्याजोगी आहे.

समुद्र हटवून मिळविलेल्या येथील खारट जमिनीत भात नीट येत नसे. कापूस मात्र येई. त्या कापसाच्या बळावर १८८८ साली येथे सूतगिरणीची कंपनी निघाली. १९०६ साली गिरणीच्या वसतिगृहात साथ पसरून कामगार दगावले. मालकाने अध्यक्षपद सोडले आणि त्याचा तरुण पुत्र ओहारा मागोसाबुरो त्या जागी आला. त्याने दाटीवाटीची वसतिगृहे मोडून छोटी घरे बांधविली. १९२१ साली श्रमाचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था काढली आणि १९२३ साली रुग्णालय उघडले.

कोजिमा तोराजिरो हा चित्रकार त्याचा समवयस्क स्नेही. मागोसाबुरोने त्याला १९०८ साली युरोपात शिकावयास पाठविले. पुढे कोजिमाने सुचविले की, ज्यांना युरोपात जाणे शक्य नाही अशा जपानी चित्रकारांसाठी तेथील अस्सल चित्रे आणावीत. मालकाने पैसा दिला. निवड चित्रकारावर सोपविली. मोनेचे चित्र कोजिमाने खुद्द मोनेकडून मिळविले. १९२१ साली गावातील शाळेत ती चित्रे मांडली, तेव्हा दूरदूरहून लोक लोटले. कोजिमा १९२९ साली अकाली वारला. त्याच्या स्मरणार्थ दुसऱ्याच वर्षी हे मंदिर उभे राहिले.

या हकिगतीत हिंदुस्थानचाही एक धागा आहे. जपानी गिरण्यांना आपल्या देशातील कापूस पुरेना, तेव्हा त्या हिंदी कापसाकडे वळल्या. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने १८९३ साली मुंबई आणि जपान यांच्यामधील जपानी बोटींची वाहतूक सुरू झाली. मुंबईच्या गोदीतून गेलेल्या गाठींचे सूत जपानी चात्यांवर निघू लागले.

संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर १८८९ सालची ती गिरणी आहे. तांबड्या विटांच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत. १९७४ पासून तेथे प्रवाशांचे निवासस्थान आहे. जवळच्याच तांदळाच्या वखारींत १९४८ साली लोककलेचे संग्रहालय निघाले. प्रवाशाने चित्रे पाहून परत न फिरता गिरणीपर्यंत अवश्य जावे. कमळांच्या त्या चित्राचे मोल कोणाच्या श्रमांतून आले, हे तेथे उमगते. आणि ज्या धनिकाने ते ऋण थोडेतरी ओळखले, त्याचे नाव गावाने का जपले, हेही कळते.